पंडिता रमाबाई आणि मुक्तीचा अधिकार

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यांत, वरवे बुद्रुक हें गांव आहे. बनेश्वरास आणि नारायणपुरास जाणाऱ्या यात्रेकरूंची या गांवावरून बारमाही ये-जा असते. स्नान, दान, उपवास, यात्रा यांनीं पुण्य जोडावें आणि त्या पुण्याच्या बळावर परलोक साधावा, ही आमच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. त्या समजुतीची थट्टा करण्यास आम्हीं आज लेखणी उचललेली नाहीं. परंतु याच पुणें जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांतील केडगांव येथें, अशा एका विदुषी होऊन गेल्या कीं, ज्यांनीं लहानपणींच देशांतील असंख्य तीर्थें पायीं पाहिलीं, व्रतें केलीं, पुढें शास्त्रें वाचलीं, आणि शेवटीं नियम पाळून मुक्ति मिळत नाहीं, ती केवळ विश्वासानें पदरीं पडते, असा निश्चय केला. पंडिता रमाबाई हें त्यांचें नांव. त्यांच्या निधनास शंभरांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. सुधारक त्यांचें स्त्रीशिक्षणाचें कार्य सांगतात आणि धर्मांतराविषयीं मौन धरितात. सनातनी धर्मांतर सांगतात आणि कार्याविषयीं मौन धरितात. आमच्या मतें हीं दोन्ही मौनें सारखींच अन्यायाचीं आहेत. कारण त्या निश्चयावांचून त्यांचें कार्य समजत नाहीं, आणि त्या कार्यावांचून तो निश्चय समजत नाहीं.

व्यापारी वाचकांस हा प्रश्न त्यांच्याच भाषेंत सांगतां येईल. धर्माचे नियम म्हणजे एक खातेवही आहे असें समजूं. पुण्य जमेस धरावें, पाप नांवें टाकावें, आणि शिल्लक निघेल तशी पुढची गति. हिशेब सरळ दिसतो. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं, प्रत्येकाचें खातें त्या पेढीवर उघडलेलें आहे. ज्याच्या नांवाचें खातेंच घालूं देत नाहींत, त्यानें जमा कोठें करावी? धर्मशास्त्रकारांनीं यालाच अधिकार असा शब्द योजिला आहे. वेदाचा अधिकार कोणास, मंत्राचा कोणास, संन्यासाचा कोणास, हे प्रश्न त्यांनीं मोठ्या बारकाईनें सोडविले. आणि त्या सर्व सोडवणुकींत स्त्री व शूद्र हे बहुधा उंबरठ्याबाहेरच राहिले. रमाबाईंचें सारें चरित्र म्हणजे या अधिकाराच्या प्रश्नाशीं चाललेला झगडा होय.

त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मंगळूर प्रांतांत स्थायिक झालेल्या घराण्यांतले. तरुणपणीं विद्या शिकत असतांना, आपले गुरु रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या राणीस संस्कृत शिकवितात, हें त्यांस कळलें. स्त्री संस्कृत शिकूं शकते, ही गोष्ट त्यांच्या मनांत ठसली. पुढें त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, तीच विद्या देण्यास आरंभ केला तेव्हां भोंवतालच्या शास्त्रीमंडळींत गहजब झाला, आणि असें करण्यास शास्त्राची हरकत नाहीं, हें त्यांस उडुपी येथें पंडितांपुढें सिद्ध करावें लागलें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, अनंतशास्त्री बंडखोर नव्हते. शास्त्राबाहेर जाण्याची त्यांची तयारी नव्हती. शास्त्राच्या आंत जेवढी जागा सांपडेल तेवढी त्यांनीं स्त्रीस मिळवून दिली. पुराणें, काव्यें, व्याकरण, कोश हें सर्व त्यांच्या घरांतील बायकांस खुलें होतें. वेद मात्र त्यांनींही बंदच ठेविले. रमाबाईंस हजारों श्लोक मुखोद्गत झाले ते आईच्या तोंडून.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतांना हें कुटुंब अरण्य सोडून यात्रेस निघालें. वेताच्या पेटाऱ्यांत निजवून त्यांस डोंगराखालीं आणिलें, आणि त्यापुढें कित्येक वर्षें या कुटुंबास घर असें राहिलें नाहीं. तीर्थाच्या ठिकाणीं बसून पुराण सांगावें, लोक जें देतील त्यावर निर्वाह करावा, उरेल तें दानधर्मांत घालवावें, असा त्यांचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत धान्याची टंचाई झाली. हातचा पैसा संपला, दागिने विकले, भांडीं विकलीं. मजुरी करणें ब्राह्मणाच्या रीतीस सोडून, भीक मागणें अभिमानास सोडून. मग उपाय उरला तो एकच : अधिक उपवास, अधिक जप, अधिक प्रदक्षिणा. देव प्रसन्न व्हावा म्हणून त्यांनीं ग्रंथांत सांगितलेलें व्रत असें बाकी ठेविलें नाहीं. शेवटीं अरण्यांत पाणी पिऊन व झाडपाला खाऊन ११ दिवस काढिले. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढें थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीस चौथा खांदेकरी मिळेना. तेव्हां रमाबाई स्वतः पुढें झाल्या, आणि उंची कमी पडल्यामुळें तें ओझें त्यांनीं डोक्यावर घेतलें. ज्या पेढीवर त्या कुटुंबानें आयुष्यभर जमा केली, त्या पेढीवरून संकटाच्या वेळीं एक पैही परत आली नाहीं. त्या मुलीचा विधींवरचा भरंवसा येथूनच उडूं लागला.

उरलेलीं दोघें भावंडें, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, हजारों मैल पायीं हिंडून १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मणकन्या सभेंत उभी राहून संस्कृतांत बोलते, हें दृश्य बंगाल्यास नवें होतें. स्त्रियांपुढें त्यांच्या धर्मकर्तव्यांवर व्याख्यानें द्यावीं, अशी विनंती त्यांस करण्यांत आली, आणि त्या निमित्तानें त्यांनीं स्मृतिग्रंथ प्रथमच बारकाईनें वाचले. केशवचंद्र सेन यांनीं वेदांची प्रत हातीं दिली. परिणाम मात्र विनंती करणाऱ्यांच्या अपेक्षेबाहेरचा झाला. १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं सांगितलें आहे कीं, हे ग्रंथ पुष्कळ बाबतींत एकमेकांशीं भांडतात. पण स्त्रीजात स्वभावतःच दुष्ट आहे आणि पुरुषाप्रमाणें तिला मोक्षाचा मार्ग मोकळा नाहीं, एवढ्या बाबतींत त्यांचें एकमत आहे. तिनें पतीस देव मानावें, आणि पुढें कोणत्या तरी जन्मीं पुरुष होण्याची वाट पाहावी. गार्गी आणि मैत्रेयी यांचीं नांवें घेऊन या निष्कर्षास हरकत घेतां येईल, हें आम्ही जाणतों. परंतु दोन विदुषींचीं नांवें सांगून लक्षावधि विधवांचे केस वांचत नाहींत. आचारांत जो नियम चालतो तोच लोकांचा खरा नियम. आणि रमाबाईंनीं तो नुसता वाचलेला नव्हता, हिंडतां हिंडतां गांवोगांवीं पाहिलेला होता.

१८८० सालीं ढाका येथें भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशीं विवाह केला. वर बंगाली, जातीच्या हिशेबानें शूद्र. वधू चित्पावन ब्राह्मण. विवाह कायद्यानें नोंदलेला. जातीनें काय केलें असेल हें सांगणें नको. आसामांत सिल्चर येथें पतीच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली, आणि ख्रिस्ताचें चरित्र त्यांनीं प्रथम तेथें वाचलें. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा ही कन्या झाली. १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें नेलें. वय २३ वर्षांचें, पदरीं दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाहीं, सासर तोडलेलें.

अशा स्थितींत त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर प्रभृति सुधारक मंडळींनीं त्यांचें स्वागत केलें. १८८२ सालींच आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक निघालें, आणि हंटर शिक्षण-आयोगापुढें त्यांनीं साक्ष दिली. मुलींच्या शाळांवर शिक्षिका व तपासनीस स्त्रिया असाव्या आणि स्त्रियांस वैद्यक शिकण्याची सोय व्हावी, अशी त्यांची मागणी होती. पुण्यांत त्यांचा संबंध फादर नेहेम्या गोरे यांच्याशींही आला. मूळचे नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे पंडित, १८४८ सालीं ख्रिस्ती झालेले. त्यांच्या लेखनानें रमाबाईंच्या बुद्धीची समजूत पटत गेली. बुद्धि पटली तरी मन बांधलें गेलें नव्हतें. त्यास दुसरें निमित्त लागलें.

तें निमित्त इंग्लंडांत घडलें. १८८३ सालीं वैद्यक शिकण्याच्या हेतूनें त्या तिकडे गेल्या आणि वाँटेज येथील मठांत उतरल्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकाचा बेत सोडावा लागला. त्या मठाच्या भगिनी लंडनांत फुलहॅम येथें वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं आश्रम चालवीत. ज्यांची सावलीही आमच्याकडे दारांत पडूं देत नाहींत, अशा बायकांस तेथें मायेनें वागवितात, हें पाहून रमाबाईंनीं कारण विचारलें. उत्तरादाखल एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील चवथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर पाणी भरावयास आलेली एक शोमरोनी बाई. जातीनें यहुद्यांस अमंगळ, पांच नवरे होऊन आतां परक्याच्या घरीं राहणारी. तिच्याजवळ येशूनें पाणी मागितलें. ईश्वराची उपासना डोंगरावर करावी कीं यरुशलेमांत, असें तिनें विचारलें, तेव्हां उपासना स्थळावर अवलंबून नाहीं, असें उत्तर तिला मिळालें. पायाला फोड येईपर्यंत तीर्थें फिरलेल्या, आणि स्त्री म्हणून प्रत्येक ठिकाणीं अपात्र ठरलेल्या त्या तरुण विधवेनें ही कथा कशी ऐकिली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं आणि मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला.

पुण्यांत याचा मोठा गवगवा झाला. परंतु ज्यांस वाटलें कीं, या बाई आतां पाद्र्यांच्या मुठींत गेल्या, त्यांची लवकरच निराशा झाली असती, जर त्यांस इंग्लंडांतील पत्रव्यवहार वाचावयास मिळाला असता. १८८४ ते १८८६ या काळांत रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये, असें बिशपांचें मत पडलें. मतसूत्रें जशींच्या तशीं मानावीं, असा मठाचा आग्रह होता. रमाबाईंनीं दोन्हीही मानलें नाहीं. एका पुरोहितवर्गाच्या आज्ञेंतून मोठ्या कष्टानें सुटल्यावर दुसऱ्याच्या आज्ञेंत जाण्यास त्या तयार नव्हत्या. पवित्र शास्त्र आपण स्वतः वाचावें आणि त्यांतून जें कळेल तें मानावें, एवढेंच त्यांचें म्हणणें.

१८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध झालें, बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षें मदत देण्याचें तिनें पत्करिलें. शाळेंत कोणत्याही धर्माचा उपदेश करावयाचा नाहीं, असा करार होता. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ सालीं त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. कर्वे यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढिला व १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, हें वाचकांस ठाऊकच आहे.

या धांवपळींत रमाबाईंच्या अंतःकरणांत काय चाललें होतें, हें आमच्या विषयाचें मर्म आहे. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षें झालीं, देवळाची उपासना होत होती, प्रार्थना होत होत्या, सत्कृत्यांस तर सीमा नव्हती. तरी मनास स्वस्थता नाहीं. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें धर्मोपदेश करून झाल्यावर, आपणांस स्वतःस तारण मिळालेलें नाहीं, असें त्याच्या ध्यानांत आलें होतें. तें वाचून रमाबाईंस आपलें निदान सांपडलें. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त घेतला नाहीं. जुन्या विधींच्या जागीं नवे विधि बसविले, आणि हिशेब मात्र पूर्वीचाच चालू ठेविला. ही कबुली सोपी नव्हे. ज्या धर्मासाठीं जात गेली, मित्र गेले, लौकिक गेला, त्या धर्मांतही आपण खातेवहीच घेऊन बसलों होतों, असें स्वतःशीं म्हणण्यास मोठें धैर्य लागतें.

ख्रिस्ती धर्मांतील हें तत्त्व थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पौल हा नियमशास्त्राचा कडवा अभ्यासक होता. त्यानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, नियमशास्त्र मनुष्यास त्याचा दोष दाखवितें, पण दोषांतून सोडवीत नाहीं. आरसा तोंडावरचा डाग दाखवितो, पुसत नाहीं. कोणीही मनुष्य नियम संपूर्ण पाळूं शकत नाहीं, म्हणून नियमाच्या जोरावर कोणीही ईश्वरापुढें नीतिमान ठरत नाहीं. ख्रिस्तानें मनुष्याचें ऋण आपल्या अंगावर घेऊन फेडिलें, आणि त्यावर जो विश्वास ठेवितो तो ऋणमुक्त होतो. सोळाव्या शतकांत जर्मनींतील मार्टिन लूथर या संन्याशानें उपास, जागरणें व प्रायश्चित्तें करून थकल्यावर हीच पत्रें वाचून समाधान मिळविलें, आणि युरोपांत धर्मक्रांति झाली. रमाबाईंस या तत्त्वाचें मोल वेगळ्या कारणानें वाटलें. विश्वास ठेवण्यास जात लागत नाहीं, मुंज लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, पुरुषाचा जन्म लागत नाहीं. ज्यांचें खातेंच उघडलेलें नव्हतें, त्यांस येथें खात्याची जरूरच राहिली नाहीं.

या निश्चयाची झळ लौकरच लागली. शारदा सदनांत रमाबाई स्वतःच्या खोलींत प्रार्थना करीत, ती दार उघडें ठेवून. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. केसरींतून कडक टीका झाली. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि वीसांहून अधिक मुली घरच्यांनीं काढून नेल्या. या वादांत आम्हांस दोन्ही पक्षांचें म्हणणें कळतें. पालकांनीं विद्येसाठीं मुली पाठविल्या होत्या, धर्म बदलण्यासाठीं नव्हे. करार पाळला जावा ही त्यांची अपेक्षा रास्त होती. उलट, आपल्या खोलींतील प्रार्थना दार लावून, चोरून करण्यास रमाबाई तयार नव्हत्या, हेंही रास्तच. परंतु एक प्रश्न आम्हांस विचारल्यावांचून राहवत नाहीं. ज्या समाजानें त्या मुली इतक्या तत्परतेनें काढून नेल्या, त्यानें त्यांच्यासाठीं दुसरी शाळा त्याच तत्परतेनें कां काढिली नाहीं? कर्व्यांचा आश्रम निघण्यास तीन वर्षें जावीं लागलीं, आणि तोही एका माणसाच्या पायपिटीनें.

विश्वासानें तारण मिळतें असें म्हणणाऱ्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. कर्माचें मोल नाहीं म्हटलें कीं मनुष्य आळशी होईल, बेताल होईल, असा तो आक्षेप. त्याचें उत्तर रमाबाईंनीं वादांत दिलें नाहीं, केडगांवीं दिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील हाल ऐकून त्यांस आपले उपाशी आईबाप आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं वांचवून आणिल्या. पुण्यांत प्लेगची धामधूम. म्हणून केडगांवच्या माळावर घेतलेल्या जमिनींत तंबू व झोंपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या, झाडें लाविलीं, आणि १८९८ च्या सुमारास त्या वसाहतीस मुक्ति हें नांव मिळालें. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपली होती. तरी १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडतांच तेथूनही मुली आल्या, आणि रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली. निश्चित उत्पन्नाची हमी नसतां दीड हजार तोंडांस रोज अन्न घालणें म्हणजे काय, हें दुकानदारास सांगावयास नको.

त्या मुली नुसत्या पोसल्या गेल्या नाहींत. विणकाम, शिवण, शेती, गोठा, तेलाचा घाणा, छापखाना, पाठशाळा, ज्यास जें जमेल तें काम तिनें शिकावें असा नियम होता. आंधळ्या स्त्रियांस मनोरमाबाईंनीं ठिपक्यांची लिपि शिकविली. फुलहॅमचा धडा न विसरतां, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन या नांवाचें वेगळें घर काढिलें. येथें श्रम होते, शिस्त होती, पहांटेपासून रात्रीपर्यंत काम होतें. मग नियमांत आणि यांत भेद तो कोणता? भेद हा कीं, येथें काम हें मुक्तीचें मोल म्हणून केलें जात नव्हतें. मुक्ति मिळाली असें मानून, त्या आनंदापोटीं तें होत होतें. कर्ज फेडण्यासाठीं राबणारा गडी आणि कर्ज फिटल्यावर घरच्या शेतांत राबणारा धनी, दोघेही घाम गाळतात. पण दोघांच्या मनांत महदंतर असतें.

शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं एका प्रचंड ग्रंथास वाहिलीं. पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर पूर्वीं झालेलें होतें, परंतु त्याची भाषा साध्या बाईमाणसास जड जाते, असें त्यांस वाटे. म्हणून इब्री व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनीं स्वतः नवें भाषांतर केलें, आणि तें केडगांवच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच जुळविलें व छापिलें. ज्या स्त्रीजातीस वेद ऐकण्याचीही मनाई, त्या जातीच्या हातांनीं एक धर्मग्रंथ मुळापासून भाषांतरित होऊन छापला जावा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासांत लहान नव्हे. १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई आईच्या आधीं वारल्या. तें दुःख गिळून रमाबाईंनीं मुद्रितें तपासण्याचें काम पुरें करीत आणिलें, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांचा अंत झाला. समग्र ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. संस्था आजही तेथें चालू आहे.

आतां दोन शब्द निःपक्षपातानें. दुष्काळांत आणलेल्या अजाण मुलींस धर्माची निवड करण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न टाळतां येणार नाहीं. उपाशी मुलास जो घास देतो त्याचाच देव त्यास खरा वाटतो. यांत जबरदस्ती नसली तरी बरोबरीची निवडही नाहीं. विश्वास जर मोकळ्या मनानेंच ठेवावयाचा असेल, तर ही अडचण रमाबाईंच्याच तत्त्वानें उभी राहते. दुसरें, विश्वासाचा मार्ग या भूमींत अगदीं अनोळखी होता असें नव्हे. चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले, जनाबाई दळणकांडण करीत राहिली, कान्होपात्रा गणिकेची मुलगी. यांपैकीं कोणासही शास्त्रानें अधिकार दिला नव्हता, आणि त्यांनीं तो मागितलाही नाहीं. नामावर भरंवसा ठेवून ते पार पडले असें अवघा महाराष्ट्र मानतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ख्रिस्ती झाले तरी तुकोबांचा हात त्यांनीं सोडला नाहीं. मग रमाबाईंस हा घरचा मार्ग कां दिसला नाहीं? आम्हांस वाटतें तें असें कीं, त्यांचे आईबापही विष्णुभक्तच होते, परंतु त्यांच्या घरीं भक्ति आली ती व्रतांच्या व विधींच्या पोषाखांत. आणि दुसरें कारण आम्हांस लाज आणणारें आहे. संतांचे अभंग आम्ही वारींत गातों. घरीं परत आलों कीं विधवेस, अस्पृश्यास आणि मुलीस स्मृतीच्याच मापानें मोजतों. ज्या विश्वासानें घरांतील एकही दार उघडत नाहीं, तो विश्वास रमाबाईंसारख्या तर्ककठोर बाईस कसा पटावा?

आम्ही कोणास धर्मांतराची शिफारस करीत नाहीं, आणि कोणी विचारपूर्वक केल्यास त्याचा द्वेषही करीत नाहीं. आमचें सांगणें निराळें आहे. १८८७ सालीं रमाबाईंनीं विधवेची जी दैना जगापुढें मांडिली, ती आज पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. केशवपन गेलें, पुनर्विवाहास कायद्याची आडकाठी १८५६ पासूनच नाहीं. तरीही कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवास मे २०२२ मध्यें ठराव करावा लागला कीं, पति वारल्यावर बाईचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढून घेणें या चाली गांवांत बंद व्हाव्या; आणि राज्य सरकारनें त्याच महिन्यांत इतर गांवांस तसें करण्याचें आवाहन केलें. ठराव करावा लागला याचाच अर्थ नियम अजून जिवंत आहे. विधवा शिकलेली असते, कमावती असते, गांवच्या कारभारांतही बसते. पण हळदीकुंकवाच्या दिवशीं आणि मुलाच्या लग्नांत तिचा अधिकार काढून घेतलेला असतो.

वरवे बुद्रुक आणि या रस्त्यावरील इतर गांवें यांतील गृहस्थांस आमची विनंती इतकीच आहे. आपल्या ग्रामसभेंत हा विषय घ्यावा. ठराव आधींच झाला असेल तर तो घराघरांत पाळला जातो काय, हें पाहावें. पुढच्या लग्नसराईंत आपल्या घरच्या विधवा आईस, बहिणीस, सुनेस मांडवांत पुढें बोलवावें, तिच्या हातून नवरामुलाचें औक्षण करवावें. त्यास खर्च नाहीं, मुहूर्त नाहीं, कोणाची परवानगी नाहीं. ईश्वराच्या दारीं माणसाची पात्रता नियमानें ठरत नाहीं, हें रमाबाईंस पटण्यास अर्धें आयुष्य आणि हजारों मैलांची चाल लागली. आम्हांस तें आपल्याच अंगणांत पटवून घेतां येण्याजोगें आहे.